हौदातलं जुनं पाणी

मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता वाळवणाच्या आवारात तिघांनी थोरल्याला आडवा पाडला, त्याचा उजवा हात मासे चिरायच्या ओंडक्यावर धरला आणि मीठ फोडायच्या लाकडी मोगरीने मोडला. मोगरी त्याच्याच घरातली होती. घाव चार पडले. पहिल्याला तो ओरडला, दुसऱ्याला ओरडला नाही. तिसऱ्या आणि चौथ्याला तो शुद्धीवर होता की नाही, हे त्याच्या बायकोला नंतर सांगता आलं नाही.

ती सात-आठ हातांवर मांडवाशी माशाच्या पट्ट्या उलटत होती. कमरेला सुरी होती. तिघांतला एक तिच्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुम्ही मध्ये येऊ नका." ती गेली नाही. एवढ्या अदबीने सांगितलं आणि आपण ऐकलं, हे पुढचे तीन दिवस तिला आतून कुरतडत राहिलं.

मोगरी टेम्पोवाल्याच्या हातात होती. पुलापलीकडच्या वस्तीत राहणारा हडकुळा माणूस, कुणाशी कधी आवाज चढवून न बोलणारा. त्याने मोगरी खाली ठेवली, ओंडक्याला टेकवून सरळ उभी केली, आणि धापा टाकत म्हणाला, "माझी बायको दुपारी जेवली आणि दिवे लागायच्या आत गेली. आधी ओठ बधिर, मग जीभ, मग हातपाय. सगळं कळत होतं तिला. डोळे माझ्याकडे होते. मी तुझा एकच हात घेतलाय."

मग तो चालत पोलीस चौकीत गेला आणि बाकावर जाऊन बसला. त्याचे दोन्ही मेहुणे पळाले.

थोरल्याची बायको म्हणून तिला घरात आणि गल्लीत थोरलीच म्हणत. घरात माणसं चार: ती, नवरा, नवऱ्याचा धाकटा भाऊ आणि सासू. धंदा मासे चिरून, मुरवून, वाळवून पट्ट्या करण्याचा. मासा वाम. लांब, सापासारखा, काट्यांनी भरलेला. त्याची कातडी सोलायची, मधला काटा काढायचा, बोटाएवढ्या रुंद पट्ट्या कापायच्या, मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवायच्या आणि मांडवावर पसरायच्या. चार उन्हं लागली की पट्टी वाजते. वाजली की विकायची.

यंदा वाम जेमतेमच आली. चाळीस दिवस होड्या जात होत्या आणि जाळ्यात भरून येत होता फुग्या. डिवचला की पोट फुगवून चेंडू होणारा, जाळी दातांनी कुरतडणारा, विषारी म्हणून कुत्र्यालाही कुणी घालत नाही असा मासा. किनाऱ्यावर त्याचे ढीग पडले होते आणि माश्यांची घोंघावणी गल्लीपर्यंत ऐकू येत होती. मांडव जवळजवळ रिकामे. माणसं एकमेकांवर उगाच खेकसत होती. सासू तर भांड्यांवरसुद्धा खेकसत होती.

त्यातच टेम्पोवाल्याची बायको गेली. तिच्या घरातल्या डब्यात उरलेल्या पट्ट्या आणि गल्लीतल्या चार आवारांमधले नमुने प्रयोगशाळेत गेले. सहा दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी, कागद आला. डब्यातल्या पट्ट्या फुग्याच्या होत्या. तीन आवारांतल्या पट्ट्या निव्वळ वामच्या. चौथ्या आवाराच्या नावापुढे लिहिलं होतं: वाम, आणि अल्प प्रमाणात फुग्या. चौथं आवार थोरल्याचं. कागदात 'अल्प प्रमाणात' हे शब्द होते. टेम्पोवाल्याला ज्याने कागद वाचून दाखवला, त्याने ते वाचले की नाही, याचा तपास अजून लागलेला नाही.

थोरल्याला दवाखान्यात नेलं आणि दुपारी दोनच्या सुमाराला पंधरा-वीस माणसं आवारात शिरली. निम्मी गल्लीतलीच होती. या एका घरामुळे सगळ्यांचा माल बसून राहणार, हा त्यांचा राग. त्यांनी मांडव उपटले, पट्ट्या पायाखाली तुडवल्या, बांबूंवर रॉकेल ओतलं. सासू उंबऱ्यात उभी राहून एकेकाचं जन्मापासूनचं सगळं बाहेर काढत होती. कुणाला तिनेच न्हाऊ घातलं होतं, कुणाचं नाक पुसलं होतं. एकाने वीट फेकली. ती सासूच्या कपाळावर बसली आणि तिचं बोलणं अर्ध्या शब्दात थांबलं. रक्त बघून माणसं मागे सरली. जाताना एकाने तरीही काडी टाकलीच. थोरलीने विहिरीचं पाणी शेंदून शेंदून ती आग विझवली. धाकटा तेव्हा कुठे होता, कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोरलीला एक गोष्ट पक्की माहीत होती. या आवारात चिरला जाणारा प्रत्येक मासा तिच्या सुरीखालून जातो. फुग्या गेलेला नाही. नवऱ्याचा हात फुकट गेला. आता तो चोर ठरू नये, एवढंच तिला हवं होतं.

बुधवारी सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेची बाई परत आली. मागच्या खेपेला लहान लहान बाटल्या घेऊन आली होती म्हणून गल्लीत तिला बाटलीवाली म्हणत. बरोबर एक हवालदार होता. बाईने जळक्या बांबूंकडे पाहिलं, सासूच्या कपाळावरच्या फडक्याकडे पाहिलं आणि उलट्या घमेल्यावर बसली.

थोरली म्हणाली, "तुमच्या कागदाने माझ्या नवऱ्याचा हात गेला."

"माझ्या कागदात भेसळ केली असं लिहिलेलं नाही," बाई म्हणाली. "तेच विचारायला आलेय."

मग तिने समजावून सांगितलं. डोकं नाही, कातडी नाही, काटा नाही, सगळ्या पट्ट्या सारख्या पांढऱ्या. नुसत्या डोळ्यांना मासा ओळखणं अशक्य. म्हणून पट्टीची भुकटी करतात, तिच्यातली प्रथिनं वेगळी काढतात, त्यांचे बारीक तुकडे पाडतात आणि यंत्रावर एकेका तुकड्याचं वजन घेतात. प्रत्येक जातीच्या काही तुकड्यांची वजनं तिची तिचीच. मिठाने, उन्हाने, चुलीवर शिजवूनही ती पुसली जात नाहीत.

सासू उंबऱ्यातून म्हणाली, "माणसांच्या जातीवर पण चालतं का हो हे यंत्र? गल्लीत बरीच गिऱ्हाइकं आहेत." हवालदार हसला. बाई हसली नाही.

"कुणी भेसळ केली असती," ती थोरलीला म्हणाली, "तर वीस पट्ट्यांत दोन-चार अख्ख्या फुग्याच्या निघाल्या असत्या आणि बाकीच्या स्वच्छ. तुमच्याकडे तसं नाही. वीसच्या वीस वामच्या. आणि वीसच्या वीसमध्ये थोडा थोडा फुग्या. मुरल्यासारखा. मुरवता कशात?"

"हौदात."

"हौदातलं पाणी कधी बदलता?"

इथे थोरलीने विचार करायला हवा होता. पण या घरात सून म्हणून आल्यापासून तिला ज्या एका गोष्टीचा अभिमान शिकवला गेला होता, तीच बाईने विचारली होती. गल्लीतली बाकीची आवारं प्रत्येक घाणा निघाला की खारं पाणी ओतून देतात. हे घर देत नाही. सासूने आपल्या सासूकडून घेतलेली रीत. हौद कधीच रिकामा करायचा नाही. पाणी उतरलं की वरून मीठ आणि पाणी घालायचं, फेस काढून टाकायचा, जुनं राखायचं. त्या तपकिरी पाण्यातून निघालेल्या पट्टीला मधासारखा रंग येतो. घेणारे रंग बघूनच आवार ओळखतात.

"बदलत नाही," थोरली म्हणाली. "एकतीस वर्षं झाली. म्हणून तर आमच्या पट्टीला तो रंग. दुसरीकडे कुठे मिळायचा नाही."

बाईचं लिहिणं थांबलं. तिने हौदाकडे पाहिलं. "त्यात पाकट मासा कधी मुरवला होता?"

"पाकट? एकदाच. दोन महिने झाले असतील. का?"

"टेम्पोवाल्याच्या डब्यातल्या पट्ट्या फुग्याच्या होत्या," बाई सावकाश म्हणाली. "पण त्यांच्यातही मुरल्यासारखी थोडी वाम होती. आणि थोडं पाकट. ते कुठून आलं, ते मला कळत नव्हतं. बाकीच्या तीन आवारांत पाकटाचा पत्ता नाही."

सासूने हातातलं सूप खाली ठेवलं. कोंबड्या तेवढ्या तुडवलेल्या पट्ट्या टोचत फिरत होत्या.

पाण्याचे नमुने घ्यायला काचेच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी लागणार होती. बाई ती आणायला गेली. तीनपर्यंत येते म्हणाली. हवालदाराने हौदाच्या फळ्यांवर शिक्का मारलेली कागदी पट्टी डकवली, कुणी हात लावायचा नाही असं दोघींना दोनदा बजावलं आणि जेवायला गेला.

थोरली ओंडक्यावर बसली आणि दिवस मोजू लागली. गेल्या वर्षभरात ती या आवारापासून एकदाच लांब गेली होती. गेल्या महिन्यात, बहिणीच्या बाळंतपणाला, आठ दिवस. परत आली तेव्हा मांडवावर पट्ट्या वाळत होत्या. वाम मिळाली एकदाची, असं धाकटा म्हणाला होता. तिने त्या पट्ट्या बांधल्या होत्या. स्वतःच्या हातांनी.

दीड वाजता धाकटा आला. वस्तीतला सगळ्यांचा आवडता, बोलघेवडा, थोरलीला वहिनीसाहेब म्हणून चिडवणारा माणूस. हवालदार खाणावळीत सगळं सांगत बसला होता. ते त्याच्या कानावर आलं होतं. कुणाकडेही न बघता तो हौदापाशी गेला, कागदी पट्टी फाडली आणि फळ्या उचलून बाजूला टाकू लागला.

"भाऊजी, काय करताय?"

"घाण झालीय. हौद धुऊन काढतो."

"तीन वाजता बाई येणार आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला.

थोरलीने विचारलं आणि त्याने सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. फुग्या त्यानेच उचलला, आठ टोपल्या, किनाऱ्यावरून, फुकट. पलीकडच्या खाडीकाठच्या खाजणात नेऊन सोलला, आतडी काढली, तीन पाण्यांनी धुतला. विष कातडीत आणि पोटात असतं म्हणतात. कोण म्हणतं, तिने विचारलं. सगळे म्हणतात, तो म्हणाला.

"तीन पाण्यांनी धुतला वहिनी, शप्पथ. मीसुद्धा दोन पट्ट्या खाल्ल्या. मला काही झालं नाही. तिचं नशीब फुटकं, त्याला मी काय करू?"

"तिला दोन लेकरं आहेत."

"आणि मला जेल आहे."

तो हौदाच्या तळाकडे वाकला. तिथे भोकात लाकडी खुंटी ठोकलेली होती. ती गेली की हौद नाल्यात रिकामा. एकतीस वर्षांत ती निघाली नव्हती. फुगून दगड झाली होती. त्याने कोपऱ्यातून मोगरी आणली. मोगरीच्या डोक्याला अजून वाळलेलं रक्त होतं.

तेव्हा सासू उठली. फडकं बांधलेली, पासष्टीची, दीड दिवस न जेवलेली बाई. ती येऊन खुंटीला पाठ लावून खाली बसली आणि म्हणाली, "हाण. आधी मला हाण."

त्याने तिला दंडाला धरून ओढलं. ती उठेना. मग त्याने केसांना धरलं. थोरलीला वाटलं, आता सोडेल, आई आहे. त्याने सोडलं नाही. तिला फरफटत चार हात लांब नेलं आणि ढकललं. ती कुशीवर पडली आणि मोडल्याचा आवाज झाला. वाळलेली पट्टी मोडावी तसा. सासू ओरडलीही नाही. तोंड उघडं ठेवून आभाळाकडे बघत राहिली.

धाकट्याने खुंटीवर घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला ती आत गेली आणि तपकिरी पाण्याची मनगटाएवढी धार सुटली. थोरली धावली. त्याने तिला मानेला धरलं आणि डोकं हौदात दाबलं. डोळ्यांत, नाकात, घशात मीठ गेलं. तळाचा गाळ तिला ओठांना लागला. तिने कमरेची सुरी चाचपली आणि न बघता मागे चालवली. सुरी रोज सकाळी दगडावर लागायची. ती त्याच्या कोपराखालून मनगटापर्यंत गेली आणि तिथे हाडाला अडली.

तो दोन पावलं मागे गेला आणि हाताकडे बघू लागला. रक्त त्याच्या बोटांवरून खाऱ्या पाण्यात पडत होतं.

"मी एकट्याने केलं काय?" तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "दादाला विचार जा. टोपल्या हौदात कुणी उतरवल्या, विचार. मीठ कुणी चोळलं, विचार."

ती गोणपाट गुंडाळून भोकात कोंबत होती. ते राहिना, म्हणून तिने पाठ लावली आणि पाय जमिनीत रोवून बसून राहिली. पाठीला मीठ चरचरत होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी बाटलीवाली आली तेव्हा ती तशीच बसलेली होती. हौदात वीतभर पाणी उरलं होतं. बाईने पाच बाटल्या भरल्या. हवालदार फाटलेली कागदी पट्टी हातात घेऊन पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी तर बजावून गेलो होतो, दोनदा बजावलं होतं.

धाकट्याला सतरा टाके पडले. सासूचं खुब्याचं हाड मोडलं होतं. एकाच घरातली तीन माणसं एकाच दवाखान्यात, म्हणून तिथली परिचारिका थोरलीला म्हणाली, "आता तुम्हीही एक खाट धरून ठेवा." तिला वाईट म्हणायचं नव्हतं. थोरलीही हसली.

संध्याकाळी सहाला ती नवऱ्याजवळ जाऊन बसली. त्याची दोन बोटं काढावी लागली होती; उरलेला हात पांढऱ्या गुंडाळीत पोटावर होता. तिने त्याला पेलाभर पाणी पाजलं. आईचं सांगितलं, भावाचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता.

"टोपल्या तुम्ही उतरवल्या?"

"सोललेलं होतं," तो म्हणाला. "कापून आणलं होतं. धाकटा म्हणाला वाम आहे. मी उतरवलं."

"मीठ?"

"चोळलं."

मीठ चोळताना प्रत्येक पट्टी अंगठ्याखालून जाते. वामच्या मांसात केसासारखे काटे असतात. कितीही काढा, अंगठ्याला लागतातच. फुग्याच्या मांसात एकही नसतो. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात हे तिला त्यानेच शिकवलं होतं, तिचे डोळे मिटायला लावून, हातात एकेक पट्टी देऊन.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला कळलं नाही?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. त्याचं खोकून संपलं. थोरला अजून छताकडेच बघत होता.

"पाणी जाऊ द्यायचं होतंस," तो म्हणाला.

मग त्याने डोळे मिटले, आणि झोप लागली की लागली नाही, हे तिने पाहिलं नाही.

गुरुवारी दुपारी पाऊण वाजता प्रयोगशाळेचा निरोप आला. पाचही बाटल्यांत वाम, पाकट आणि फुग्या. फुग्याच्या खुणा ठळक. टेम्पोवाल्याच्या डब्यातली पट्टी याच हौदातून निघाली, असं म्हणायला बाई तयार होती. कुणी घातली, हे तिच्या यंत्राला सांगता येत नव्हतं. तसं तिने कागदावर लिहूनही दिलं.

चौकीच्या ओसरीत एकच बाक होता. एका टोकाला बेडी घातलेला टेम्पोवाला बसला होता. थोरली दुसऱ्या टोकाला बसली.

"हात कसा आहे?" त्याने विचारलं.

"दोन बोटं गेली."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "धाकटी मुलगी पट्टी मागत होती त्या दिवशी. हिनेच दिली नाही. तिखट आहे म्हणाली."

तिला आत बोलावलं. फौजदाराने तिचा जबाब वाचून दाखवला. आठ दिवस बाहेर होते. परत आले तेव्हा माल वाळत होता. तो मी बांधला. दिराने हौद फोडला, मी सुरी चालवली. सगळं बरोबर होतं. धाकट्याच्या जबाबात भावाला ठाऊक होतं असं लिहिलेलं होतं. सासूच्या जबाबात दोन्ही मुलांचं नाव नव्हतं. विटेने डोकं फिरलंय, काही आठवत नाही, एवढंच होतं. थोरल्याने, मला वाम सांगितली, मी वाम समजून मुरवली, असं सांगितलं होतं.

"एकच राहिलंय," फौजदार म्हणाला. "सोललेला, कापलेला फुग्या आणि वाम. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे बाईंनी लिहून दिलंय. पण तुमचा तर जन्म यात गेला. मीठ चोळताना हाताला फरक कळतो का? तुमच्या नवऱ्याला कळतो का?"

त्याने पेन उचललं आणि वाट पाहिली. तिने पाणी मागितलं. पाणी आलं, ते तिने प्यायलं. फौजदाराने प्रश्न पुन्हा विचारला, त्याच शब्दांत, आणि तिसऱ्यांदा जरा हळू आवाजात.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत त्या प्रश्नापुढची ओळ कोरी होती आणि थोरली चौकीतच होती.